गंगावेस की गंगावेश?

कोल्हापुरात नव्यानं आलेल्या माणसाला गंगावेशीचा पत्ता सांगितला की तो तिथं पोचून हमखास गोंधळतो. दूध कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात देणारे गवळी, रिक्षांची गर्दी, दुकानांची रांग. सगळं आहे, फक्त वेस नाही. दगडी कमान नाही, लाकडी दार नाही, पडक्या बुरुजाचा ढिगाराही नाही. तो पाट्या वाचायला लागतो तेव्हा गोंधळ वाढतो. एका पाटीवर 'गंगावेस', शेजारच्या दुकानावर 'गंगावेश', आणि एखाद्या हौशी पेंटरनं 'गंगावेष' असंही रंगवलेलं. वेश म्हणजे तर पोशाख. मग हा गंगेचा पोशाख की काय?

दरवाजा नसताना त्याचं नाव कसं उरलं, आणि या तीन लेखनांतलं बरोबर कोणतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपल्या जिभेत दडलेलं आहे. पण आधी वेस.

गावाचं दार

घराला दार, वाड्याला दरवाजा, तशी गावाला वेस. गावाभोवती दगडमातीचं कूस घातलेलं असे आणि त्यात शिरायला ठरावीक वाटा ठेवलेल्या असत. त्या वाटेवरची दरवाजाची इमारत म्हणजे वेस. दोन्ही बाजूंना बुरूज किंवा जाड भिंती, वर कमान, जड लाकडी दारं, आणि जवळच शेंदूर फासलेला मारुती. सूर्य मावळला की दार बंद. रात्री उशिरा आलेल्या पाहुण्याला मग बाहेरच ताटकळत बसावं लागे.

जुनं कोल्हापूर असंच तटाच्या आत होतं. त्याच्या वेशींची नावं आजही पत्त्यांत आहेत: गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, आणि वारांची नावं घेतलेल्या आदितवार, मंगळवार व शनिवार या वेशी. वारांची सोडून बाकीची नावं नीट पाहिली तर एक नियम दिसतो. दरवाजाला नाव मिळतं ते बाहेर काय आहे त्यावरून. गंगावेशीतून बाहेर पडलं की वाट पंचगंगेच्या घाटाकडे जाते. रंकाळा वेशीतून रंकाळ्याकडे. वरुणतीर्थ वेशीबाहेर वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. ते पुढे बुजवलं आणि तिथं गांधी मैदान झालं. म्हणजे इथं वेसही गेली आणि जिच्यामुळं तिला नाव मिळालं ते पाणीही गेलं, तरी नाव बोलण्यात आहे.

हा नियम कोल्हापुरापुरता नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा दिल्लीच्या दिशेला, उत्तरेला तोंड करून आहे. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेट आणि पैठण गेट आहेत. खुद्द दिल्लीत अजमेरी गेट, काश्मिरी गेट. दिल्लीत दिल्ली दरवाजा म्हटलं तर तो कुठं जाणार असा प्रश्न पडेल, पण तोही आहे. तो तटाबाहेरच्या, त्याहूनही जुन्या दिल्लीकडे जाणारा. दरवाजाचं नाव बाहेर जाणाऱ्याच्या सोयीनं पडतं, कारण पत्ता त्यालाच विचारायचा असतो.

पाडलेल्या दरवाजांची नावं टिकण्यात नवल नाही. पन्हाळ्यावरचा चार दरवाजा 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी पाडला. तिथं आज अवशेष आहेत, पण गडावर शिरताना माणसं 'चार दरवाजापाशी' असंच म्हणतात. ठिकाणाला नाव लागतं ते रोजच्या गरजेतून, आणि गरज इमारतीपेक्षा जास्त जगते.

एक म्हैस, दोन म्हशी

आता लेखनाकडे. पुढचा परिच्छेद वाचताना शब्द मोठ्यानं उच्चारून बघा. शेजारी कुणी असेल तर हळू आवाजात.

'स' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे राहतं. 'श' म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो. आता 'ई' म्हणा. जीभ पुन्हा टाळूच्याच जवळ गेली. तर 'स'नंतर लगेच 'ई' म्हणायचा असेल, तर जीभ 'स' पुरा होण्याआधीच वर सरकायला लागते. पुढच्या थांब्यावर उतरायचं असलं की माणूस आधीच उठून एसटीच्या दाराशी येऊन उभा राहतो, तसंच हे. जीभ घाईनं वर गेली की तोंडातून 'सी' निघत नाही, 'शी' निघतो.

मराठीनं ही घाई शतकानुशतकं चालवून घेतली आणि तिचा नियम होऊन बसला. दूध कट्ट्यावरची म्हैसच घ्या. एक म्हैस, दोन म्हशी. वयाची वीस वर्षं, पण विशी. आळस करतो तो आळशी. कूस, पण आईच्या कुशीत. सगळ्यात गंमतीचा 'दिवस'. 'दिवसाला दोन पाळ्या' म्हणताना 'स'च्या पुढे 'आ' आहे, म्हणून 'स' जागेवर राहतो. 'त्या दिवशी' म्हणताना पुढे 'ई' आली की लगेच 'श' झाला. शब्द तोच, माणूस तोच, आणि हा बदल आपण करतो हे आपल्याला कळतही नाही.

हिंदीशी ताडून पाहिलं तर नियम आणखी उघडा पडतो. हिंदीतलं सीखना मराठीत शिकणं, सींग म्हणजे शिंग, सेज म्हणजे शेज, वजनाचा सेर म्हणजे आपला शेर. 'ए' म्हणतानाही जीभ वर जातेच, म्हणून तिथंही हाच खेळ. शिकलेली माणसं परक्या शब्दांत 'स' जपून उच्चारतात, पण गावाकडच्या बोलीत नियम अजून जिवंत आहे. आजी 'शिनेमा' बघायला जाते आणि घर 'शिमेंटचं' बांधते. तिला हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की आजी मराठीचा नियम तंतोतंत पाळते आहे. सूट आपण घेतो.

आता वेस. एक वेस, दोन वेशी. वेशीवर, वेशीत, वेशीबाहेर. विभक्ती लागली की मध्ये 'ई' येते आणि 'स'चा 'श' होतो. 'लक्तरं वेशीवर टांगणं' हा वाक्प्रचार आपल्याला पाठ असतो, पण नुसता 'वेस' हा शब्द आपण कितीदा उच्चारतो? कोल्हापुरात तर ठिकाणाचं नाव असल्यामुळं बोलणं जवळजवळ सगळंच विभक्तीत चालतं. 'गंगावेशीत भेट', 'गंगावेशीतनं ये', 'रंकाळा वेशीला उतर'. दिवसभर कानावर 'वेशी' पडत असेल तर मूळ शब्द 'वेश' असणार असं मनानं ठरवलं तर त्यात वावगं काय? माझ्या मते 'गंगावेश' हे रूप असंच उलट्या दिशेनं तयार झालं: वेशीवरून वेश.

पोशाखाच्या वेशाशी त्याची गफलत व्हायचं कारण नाही. पोशाख पुल्लिंगी: तो वेश, वेशाला, वेशात. दरवाजा स्त्रीलिंगी: ती वेस, वेशीला, वेशीत. प्रत्यय लावून बघितला की भांडण मिटतं.

तेव्हा निकाल असा. कोशातलं आणि बाकीच्या महाराष्ट्रातलं रूप 'वेस'. कोल्हापूरकरांचं 'वेश' हे त्याच भाषेच्या नियमातून आलेलं स्थानिक रूप, ते चूक म्हणून खोडू नये. 'वेष' मात्र पुसून टाकावा.

शिरण्याचा धातू

शब्द आला कुठून? कोशकार 'वेस' जोडतात संस्कृत 'विश्' या धातूशी. विश् म्हणजे शिरणं, आत जाणं. प्रवेश, निवेश हे त्याचेच शब्द. संस्कृतात 'वेश' म्हणजे घर किंवा मुक्काम असाही अर्थ आहे आणि 'वेश्म' म्हणजे घर. माणूस जिथं आत शिरून स्थिरावतो ती जागा, आणि जिथून शिरतो तो दरवाजा, दोन्ही एकाच धातूतून.

संस्कृतातले श, ष आणि स हे तिन्ही महाराष्ट्री प्राकृतात एकाच 'स'मध्ये मिसळून गेले. त्यामुळं वेशचा वेस झाला. पुढे मराठीनं 'ई'च्या आधी पुन्हा 'श' आणला आणि कोल्हापूरनं तो मूळ शब्दातच बसवला. म्हणजे गंगावेशच्या पाटीवर, लिहिणाऱ्याच्या ध्यानीमनी नसताना, दोन हजार वर्षांपूर्वीचा 'श' परत आला आहे.

या घराण्याचे पाहुणे लांबवर पसरलेले आहेत. संस्कृत 'वेश'चं ग्रीक भावंड 'ओइकोस', अर्थ घर. त्यावरून पुढे इकॉनॉमी आणि इकॉलॉजी हे शब्द झाले. लॅटिनमधलं भावंड 'विकुस', म्हणजे वस्ती, गाव. अर्थसंकल्पावरच्या चर्चेत इकॉनॉमी हा शब्द ऐकू आला तर तो आपल्या गंगावेशीचा चुलत भाऊ आहे, हे लक्षात असू द्या.

कोल्हापुरापासून निपाणी-बेळगावकडे निघालं की मात्र शब्द बदलतो. कन्नडात गावाच्या वेशीला 'अगसे' म्हणतात आणि दाराला 'बागिलु'. हा बागिलु तमिळ 'वायिल'चा भाऊबंद. वाय म्हणजे तोंड, इल् म्हणजे घर किंवा जागा: घराचं तोंड. आपणही 'बोळाच्या तोंडाला उभा आहे' म्हणतोच की.

शब्द दोन असले तरी चाल एकच आहे. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, कोल्हापूर भागात सजवलेली बैलं मिरवत आणून वेशीत आडवी बांधलेली 'कर' नावाची दोरी तोडायला लावतात. कर्नाटकात कार हुण्णिवेच्या सणाला अगसेपाशी हेच होतं. ज्याचा बैल आधी कर तोडून आत शिरेल त्याच्या घरी गावाचा मान.

आत कोण आणि बाहेर कोण

वेस नुसती वाट नव्हती. गाव कुठं संपतं ते ती सांगत असे, आणि म्हणून गावात कोण धरायचं तेही. नवरदेव आला की त्याचं स्वागत गावाच्या शिवेवर. सीमांतपूजन हे नाव त्यातूनच आलं. आता ते कार्यालयातल्या हॉलमध्ये होतं, पण नाव अजून सीमेचंच आहे.

याची दुसरी बाजू कडू आहे. वेशीवर पहारा देणारा तो वेसकर. हे काम महार वतनदाराकडे असे. गावात येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यावर नजर ठेवायची, सांगावा पोचवायचा, रात्री जागायचं. मोबदला म्हणजे बलुतं आणि घरोघरची भाकरी. ज्यानं गावाचं दार राखायचं त्याची वस्ती मात्र गावकुसाबाहेर. 'वेशीबाहेर' हा शब्द आपण आज सहज वापरतो; तो कुणाच्या तरी पत्त्याचा शब्द होता.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1918 साली महार वतन रद्द केलं आणि त्या जमिनी वतनदारांच्या स्वतःच्या नावावर करून दिल्या. राबवून घेण्याची जुनी साखळी त्यामुळं तुटली.

आता बिंदू चौकात चला. हा चौक म्हणजे जुनी आदितवार वेस, लोकांच्या बोलण्यातली रविवार वेस. शहराच्या जुन्या तटबंदीचा तुकडा अजून तिथं उभा आहे, म्हणून वेस कशी असेल याचा अंदाज घ्यायला कोल्हापुरात याहून चांगली जागा नाही. भिंतीच्या चिऱ्यांची जाडी बघा, म्हणजे दार केवढं असेल ते कळतं. याच चौकात 9 डिसेंबर 1950 रोजी महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले. भाई माधवराव बागलांचा त्यात पुढाकार होता. बाबासाहेब तेव्हा हयात होते. वेशीच्या जागेवर या दोघांचे पुतळे उभे राहिले, याहून बोलका फेरबदल मला महाराष्ट्रात दुसरा आठवत नाही.

दारातलं दार

वेशीतून आत आल्यावर दरवाजांची दुसरी भाषा सुरू होते. भवानी मंडपाकडे येताना जुन्या राजवाड्याच्या दारावर उंच दगडी नगारखाना लागतो. नक्कारा म्हणजे मोठा नगारा, खाना म्हणजे जागा. शब्द फारसीतून आलेला. नगारे दारावरच का? उंचावरून आवाज लांब जातो, आणि राजा आला-गेला, पूजेची वेळ झाली, हे सांगायचं ते शहराला. 'नगारखान्यात टिमकीचा आवाज' ही म्हण ज्यानं रचली त्यानं नगारे जवळून ऐकले असणार.

मोठ्या दरवाजाच्या फळीत एक छोटं दार असतं, वाकून जाण्याएवढं. ती दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात ती सगळ्यांनी पाहिलेली असते. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून फळ्यांवर अणकुचीदार खिळे, आणि खाली ही दिंडी. हिशोब सरळ आहे. मोठं दार उघडलं तर घोडेस्वार आत घुसतील. दिंडीतून एका वेळी एकच माणूस येतो, तोही मान खाली घालून, म्हणजे आतल्या पहारेकऱ्यासमोर आधी त्याचं डोकं येतं. वारकऱ्यांची दिंडी हा वेगळा शब्द. या दिंडीचे सोयरे दक्षिणेत आहेत: कन्नडात लहान दाराला 'दिड्डी', तमिळमध्ये 'तिट्टि वासल्'. अर्थ आणि आवाज दोन्ही इतके जवळ आहेत की नातं नाकारता येत नाही.

दिंडीतून आत आलं की दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा, त्या देवड्या. पन्हाळ्याच्या तीन दरवाजात आतल्या आणि बाहेरच्या दारांमध्ये चौक सोडलेला आहे. बाहेरचं दार फोडून शत्रू आत आला तरी तो मोकळ्या गडावर येत नाही, या चौकात कोंडला जातो.

आणि 'दार' नि 'दरवाजा'? एक संस्कृत 'द्वार'वरून आलेला, दुसरा फारसी 'दर'वरून. पण द्वार आणि दर मुळात एकाच घरचे, इंग्रजीतला डोअरही त्यातलाच. दरवान आणि दरबार हे शब्दही याच 'दर'चे.

चौकट: कुठलं दार, कुठला शब्द

वेस: गावाचा किंवा शहराचा दरवाजा, अनेकवचन वेशी.
नगारखाना: दरवाजावरची नगारे वाजवण्याची जागा.
दिंडी: मोठ्या दारातलं छोटं दार.
देवडी: दाराच्या आतली पहारेकऱ्यांची जागा.
महाद्वार: देवळाच्या आवाराचं मुख्य दार.
उंबरा: चौकटीचा खालचा आडवा भाग, उंबरठा.
कमान: अर्धगोल बांधणी, फारसीत कमान म्हणजे धनुष्य.

महाद्वारातून येणारा पाहुणा

अंबाबाईच्या देवळाला चार दिशांना चार दरवाजे आहेत. उत्तरेचा घाटी दरवाजा तिथल्या मोठ्या घंटेवरून ओळखला जातो, दक्षिणेचा विद्यापीठ दरवाजा, पूर्वेचा पूर्व दरवाजा, आणि पश्चिमेचं ते महाद्वार. देवी पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून मुख्य मान पश्चिम दाराला. बाहेरच्या बाजारपेठेच्या रस्त्याचं नावच महाद्वार रोड.

या दारातून वर्षातून दोनदा मावळता सूर्य आत येतो: 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला, आणि 31 जानेवारी, 1 व 2 फेब्रुवारीला. हाच किरणोत्सव. तारखा अशाच का, याचं उत्तर कॅलेंडर पुढ्यात घेऊन मिळतं. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42 दिवस. मावळतीची जागा 21 डिसेंबरपर्यंत क्षितिजावर दक्षिणेकडे सरकत जाते आणि तिथून माघारी फिरते. त्यामुळं जाताना ज्या बिंदूवर सूर्य मावळतो, त्याच बिंदूवर तो येताना पुन्हा मावळतो. देवळाची दारं त्या बिंदूच्या रेषेत आहेत.

किरण कुठवर आले हे मोजायची भाषाही दारांचीच. महाद्वार, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, कटांजन म्हणजे कठडा, आणि मग चरण. एखाद्या वर्षी 'किरणं चांदीच्या उंबऱ्यावरच थांबली' अशी बातमी येते. ढग, धूलिकण, आणि महाद्वार रोडपासून रंकाळ्यापर्यंत मधे उठलेले मजले ही त्याची कारणं. मावळतीच्या वेळी सूर्य क्षितिजाच्या अगदी जवळ असतो, म्हणून लांबचा एक मजलाही आड येतो. दार उघडं ठेवणं एवढंच पुरत नाही, दारासमोरची वाटही मोकळी लागते.

नव्या कमानी

गावोगाव आता स्वागत कमानी उभ्या राहतायत. सिमेंटच्या, रंगीत, वर देवाचं किंवा नेत्याचं चित्र. दार नाही, पहारा नाही, बंद होण्याचा प्रश्न नाही. त्याबद्दल तक्रार नाही. कुणाला रात्री बाहेर ताटकळत बसावं लागत नाही हे चांगलंच. पण बऱ्याच ठिकाणी ही कमान नेमकी जुन्या वेशीच्या जागेवर येते, आणि पाया खणताना वेशीचे उरलेसुरले चिरे बाजूला पडतात. त्यांत कोरीव दगड असतात, वीरगळ असतात, कधी एखादी अक्षरांची ओळ असते. तुमच्या गावात अशी कमान बांधायला घेतली असेल, तर ठेकेदारानं ते दगड गटाराच्या भरावात टाकण्याआधी त्यांचे फोटो काढा, दगड देवळाच्या आवारात आणून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या वेशीचं नावही विचारून घ्या. बहुतेक गावांत ते कुठंच लिहिलेलं नसतं.